जपानी बायकांचा कैवारी

...आणि वर मलाच विचारते, "पप्पा, तुम्ही एक तरी पूर्ण पाहिलंय का?" आता तुम्हाला सांगतो, धुळ्याच्या वाचनालयात ‘जपानी अ‍ॅनिमेतील स्त्रीप्रतिमा’ यावर बोलायचं ठरलेलं, पत्रिका छापून झालेल्या, बावीस पानांचं भाषण तयार, त्यात ‘देहाचं वस्तुकरण’ नऊ वेळा, आणि ही शिल्पा, माझीच एकोणीस वर्षांची पोरगी, विचारते पाहिलंय का! अहो, बोलायला पाहावं लागतं? सव्वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतोय, न पाहिलेल्या गोष्टींवरच तर बोलत आलोय! यात माझं काही चुकलं का?

आणि अगदीच पाहिलं नव्हतं असं नाही. पाणी प्यायला उठलो होतो, जाता जाता तिच्या लॅपटॉपवर दिसलं. एक मुलगी तलवार घेऊन राक्षसाशी लढतेय. डोळे बशीएवढे, कंबर बांगडीएवढी, स्कर्ट... स्कर्ट एवढासा! आणि राक्षसाला चिलखत! म्हणजे ज्याला मार खायचाय त्याला अंगभर लोखंड, आणि जी मारणार तिला हातरुमाल! खवळलो. म्हटलं, "शिकल्यासवरल्या घरातली मुलगी तू, हे असलं पाहतेस?"

तर म्हणे, "बारा भाग पाहा माझ्यासोबत. मग येते धुळ्याला."

इथे मी अडकलो. कारण माझ्या प्रत्येक भाषणाला लिला पहिल्या रांगेत बसायची. शिल्पाची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून मधेच माझं पान हरवतं... हातातच असतं हो, तरी हरवतं. समोर घरचं कुणीतरी हवं. बसलो मग! यात माझं काही चुकलं का?

शेजारच्या मोईजभाईंची हुमा, शिल्पाची मैत्रीण, तीही मुरमुरे घेऊन आली. मी वही उघडली. पहिल्याच भागात गरम पाण्याचं कुंड, पाच मुली आंघोळीला, कथेशी संबंध शून्य! मी अशी मान वर केली, जणू ते कुंड मीच खणून काढलंय! तर हुमा मुरमुरे खात म्हणते, "सर, ये वाला तो हम भी आगे ढकल देते."

आणि मग दोघी ज्या तुटून पडल्या! "ही शास्त्रज्ञ आहे म्हणे, पण बारा भागांत एक प्रयोग करत नाही." "ही सेनापती, पण त्या नायक पोरानं डोक्यावर हात ठेवला की लाजून लाल!" "दोघी बोलतात तरी कुणाबद्दल, तर त्या पोराबद्दल!" "पण पप्पा, पुढची मालिका एका बाईनं लिहिलीय, तिथे बघा फरक." तुम्हाला सांगतो, माझ्या बावीस पानांत यातलं एक वाक्य नव्हतं. माझ्याकडे सगळा मिळून नुसता स्कर्ट होता!

चौथ्या भागात एक आई आली. अंगभर कपडे, शांत, हसरी, वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, पोराला सूप वाढतेय. मला कसं बरं वाटलं! म्हटलं, "ही बघा, ही आदरानं दाखवलीय."

"ही मरणार," शिल्पा म्हणाली.

"कशावरून?"

"वेणी पुढे आहे ना, सर," हुमा म्हणाली. "अशी वेणीवाली आई वाचतच नाही. हसायचं, वाढायचं, मरायचं. मग पोरगा शेवटपर्यंत तिचं हसणं आठवतो."

सातव्या मिनिटाला मेली हो! मी चष्मा पुसला. चष्म्यावर धूळ बसते, जळगावात राहतो आपण. पुसून झाल्यावर म्हटलं, "तरी पण, आदरानं दाखवलं..."

शिल्पा उठली. लिलाच्या पहिल्या पुण्यानुमोदनाला, वर्षाच्या स्मृतिदिनी, मी स्मरणिका काढली होती, ती कपाटातून काढली आणि माझ्याच आवाजात, म्हणजे व्यासपीठावरचा तो घशातला आवाज असतो ना माझा, त्यात वाचायला लागली, "‘लिला सदैव हसतमुख. तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची चव...’ पप्पा, आई कुठे आहे यात?"

"ही काय, हसतेय की..."

"आई पाणी तपासायची! चोवीस वर्षं! पाचोऱ्याकडच्या त्या गावात विहिरीला ‘पिऊ नका’ची लाल पाटी लावली, तर सरपंच काय म्हणाला?"

मला पाठ होतं. लिला तो प्रसंग नक्कल करून सांगायची. "पानी गोड शे, ताई, आम्ही बठ्ठं गाव पितस."

"आणि आई?"

"...‘मंग माझ्यासमोर प्या, नाना.’"

"प्यायला?"

"नाही."

"मग हे का नाही लिहिलं? आणि भाकरी आजी करायची. आईची तव्यावर जाईपर्यंत दोन ठिकाणी फाटायची!"

आता तुम्हीच सांगा, मेलेल्या बायकोची भाकरी गोल लिहिली, यात माझं काही चुकलं का?... चुकलं. बरंच चुकलं. जपान्यांनी निदान चित्र तरी स्वतः काढलं होतं, मी तयारच उचललं.

बाविसातली सतरा पानं काढून टाकली. धुळ्यात उभा राहिलो. म्हटलं, अ‍ॅनिमेत बायकांचं पुष्कळ वाईट चालतं, ते या दोन मुली माझ्याहून चांगलं सांगतील. मी फक्त स्मरणिकेतल्या माझ्या लेखातल्या बाईबद्दल सांगतो. आणि सांगितलं. सरपंच, लाल पाटी, फाटकी भाकरी, सगळं. शिल्पा पहिल्या रांगेत होती, शेजारी हुमा. पान एकदाही हरवलं नाही.

मग आभाराला उठले वाचनालयाचे कार्यवाह शालिग्रामभाऊ. त्यांचं आभाराचं भाषण चार दिवस आधीच लिहून तयार असतं. "सरांच्या दिवंगत पत्नी म्हणजे सदैव हसतमुख, साक्षात अन्नपूर्णा..."

मी शिल्पाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी! ती माइकपाशी. "काका, माझी आई हसतमुख नव्हती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा नर्सला विचारत होती, हे पाणी कोणत्या टाकीचं, ती टाकी शेवटची धुतली कधी?" दहा मिनिटं बोलली. शालिग्रामभाऊ कागद धरून उभेच. मागून सत्तरीच्या कुंदाबाई ओरडल्या, "सांग माय, आखो सांग!" आखो म्हणजे आणखी! टाळ्या काय, शिट्ट्या काय! मला सव्वीस वर्षांत एक शिट्टी नाही. वर्गात मिळाल्या, त्या धरत नाही मी.

काल वाचनालयाचं पत्र आलं. पुढच्या वर्षीचं निमंत्रण. शिल्पाला! विषय तिच्या आवडीचा, वेळ दीड तास, आणि तळाशी शालिग्रामभाऊंच्या हाताची एक ओळ: ‘सोबत वडिलांना आणल्यास हरकत नाही.’

हरकत नाही म्हणे!

...मी कळवून टाकलंय, येतो म्हणून.