वैजयंतेनं आणलेल्या भट्टीच्या विटा

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. आधी एक प्रश्न घ्या, मग देवाचं नाव घेऊ. आपण म्हणतो, मत्सर आंधळा असतो. खरं आहे का हो? मला नाही वाटत. मत्सराला सगळं दिसतं — शेजारणीच्या साडीची उसवलेली शिवण रस्त्याच्या पलीकडून दिसते. हसू नका पुरुषमंडळी, तुम्हाला शेजाऱ्याची नवी गाडी दिसते! मग सांगा — ज्याला एवढं दिसतं, त्याला स्वतःची चूक दिसल्यावर तोंड का उघडता येत नाही? कुलूप कोण लावतं?

ऐका.

पंचगंगेकाठच्या एका गावात मगदुमांचा ओतकामाचा कारखाना होता. जुनं पितळ भट्टीत वितळवायचं आणि देवळांच्या घंटा, समया ओतायच्या. मालक म्हातारे आप्पा. त्यांना दोन सुना — थोरली कलावती, धाकटी वैजयंता.

आता त्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लागतं. आपल्या घराची वीट ऊन सोसते, ही वीट उकळतं पितळ अंगावर सोसते. एखादी जरी कच्ची निघाली, तरी पितळ नेमकी तीच शोधून बाहेर येतं. या विटांची खरेदी कलावतीकडे. पाहुणे आले की आप्पा म्हणायचे, "आमची कलावती विटा आणते म्हणून भट्टी टिकते." त्याच पाहुण्यांना वैजयंता चहा द्यायची. चहाबद्दल कुणी काही बोलत नाही, हे तिला बरोबर ऐकू यायचं.

एका वर्षी ती म्हणाली, "आप्पा, यंदा विटा मी आणते."

आप्पा हो म्हणाले. कलावतीनं तिला दाराशी गाठलं. "वैजू, समोर मांडलेली वीट बघून ठरवू नकोस. ढिगाच्या पोटातल्या काढ, वेगवेगळ्या ठिकाणच्या. दोन-चार फोडून बघ, आतपर्यंत रंग एकसारखा पाहिजे. आणि व्यापाऱ्यानं मागचा माल कुणाला दिला, त्यालाही विचार."

किती चांगला सल्ला! पण वैजयंतेला काय ऐकू आलं? 'तुला काय कळतंय.' बस.

ती मुद्दाम दुसऱ्याच व्यापाऱ्याकडे गेली. त्याच्या टेबलावर वीट होती — कोपरे धारदार, बोटानं वाजवली तर भांड्यासारखी टणकन वाजणारी. व्यापारी स्वतः म्हणाला, "ताई, आतला ढीग बघायचा का?" हो म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि आठवलं, हे तर कलावतीचं बोलणं. "नको," ती म्हणाली, "हीच पुरे."

माल आला. उतरवून माणसं जेवायला गेली, तशी ती एकटीच ढिगाशी बसली. एक वीट वाजवली — टण्ण. दुसरी — थप्प. तिसरी बाकीच्यांपेक्षा बोटभर जाड. चौथी फोडली, तर आत काळा, कच्चा गाभा. तिनं तुकडे गोणपाटाखाली सारले. एवढ्यात कलावती आली.

"कशा आहेत गं?"

"छान आहेत."

मंडळी, दिसलं नव्हतं का तिला? सगळं दिसलं होतं.

अस्तर झालं. गवंडी कुरकुरला, विटा एकमेकीला बसेनात, म्हणून फटींत माती थापत गेला. भट्टी पेटवायचा दिवस आला. गाव जमलं. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदाच्या विटा आमच्या वैजयंतेनं आणल्या. पारख आहे तिला." ज्या शब्दासाठी इतकी वर्षं जीव जळला, तो शब्द मिळाला. तिनं आधी कुणाकडं पाहिलं? कलावतीकडं. तिला टोचलं का, हे बघायला. कलावती हळदीकुंकवाचं ताट धरून शांत उभी होती.

तेवढ्यात वैजयंतेचा नवरा उदय बाह्या सारून भट्टीच्या तोंडाशी गेला. ज्या बाजूला माती जास्त थापली होती, तिथंच उभा राहिला. रोजची त्याची जागाच ती.

"आप्पा, पेटवू नका," वैजयंता म्हणाली. "विटा कच्च्या आहेत. माल उतरला तेव्हापासून मला माहीत आहे."

आप्पांनी काडी विझवली. अस्तर उकरून काढावं लागलं. एका देवस्थानच्या घंटेचं काम दुसरीकडे गेलं. गावात बोलणं झालं ते झालंच.

पुढच्या आठवड्यात कलावती म्हणाली, "चल माझ्याबरोबर." दोघी तिच्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे गेल्या. कलावती त्याच्या मुलाबाळांची विचारपूस करत बसली. वैजयंता ढिगाच्या मागं गेली, पोटातल्या दोन विटा ओढून काढल्या आणि वाजवल्या. थप्प. एक फोडली. काळा गाभा.

"आक्का, जरा इकडं या."

व्यापारी गडबडला. "आक्का, आपला इतक्या वर्षांचा संबंध. एखादी निघते."

वैजयंतेनं कलावतीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ओठ घट्ट, नजर बाजूला. हा चेहरा तिला चांगला ओळखीचा होता — आरशात रोज बघत होती की! म्हणजे आक्कालाही टोचतं तर. खरं तर आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं याच घडीची वाट पाहिली होती. पण आता आक्काच्या तोंडाला कुलूप बसतंय, हे तिला दिसत होतं.

कलावतीनं तुटकी वीट हातात घेतली. काळा गाभा नखानं खरवडला. मग म्हणाली, "वैजू म्हणते ते बरोबर आहे. हा ढीग नको." आवाज कोरडा होता, पण बोलली.

परतताना गाडीत ती हळूच म्हणाली, "तू नसतीस तर मी न फोडताच घेतला असता. ओळखीचा माणूस म्हणून."

वैजयंता तिच्याकडं सरकून बसली.

कळलं मंडळी, कुलूप कोण लावतं? 'ती बरोबर ठरली तर मी कमी ठरेन', हा हिशोबच कुलूप लावतो. वीट तीच असते, आवाज तोच असतो. कोणी आधी ऐकला, एवढ्यावरून आपण भट्टी फुटू देतो.

आज या मांडवात एकमेकांशी न बोलणारे दोघे बसलेत. मला माहीत आहेत; घाबरू नका, नावं घेत नाही. त्यातल्या एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. मी आता भजन धरतो. ज्याला सांगायचं असेल, त्यानं भजन सोडून उठावं आणि त्या दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं. देव रागावणार नाही. जागा करा रे जरा, वाट द्या.