आईची सर्दी आणि फ्लूची लस

माझ्या आईचा नाद करायचा नाही कुणी. शिकली चौथीपर्यंत, पण परवा तिनं मला, पंधरा वर्षं मेडिकल चालवणाऱ्या माणसाला, गप्प बसवलं.

तिला फ्लूची लस द्यायची होती आणि नेमकं सकाळपासून नाक गळायला लागलं. मी म्हटलं, "आई, आज राहू दे. बरी झालीस की घेऊ."

"ताप न्हाय मला. तूच बघ की."

थर्मामीटर लावला. खरंच ताप नव्हता. तरी मी म्हटलं, "नको, तुझं वय झालंय."

तिनं चप्पल घातली आणि रिक्षाला हात केला. मी पळत जाऊन शेजारी बसलो.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात मी डॉक्टरांना म्हटलं, "हिला सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात येतो."

तोवर आईनं बाही वर केली होती. "साधी सर्दी हाय, सायेब. ताप न्हाय, धाप न्हाय, जेवण रोजच्यासारखं हाय. असं असलं तर लस चालती."

डॉक्टरांनी तिला तपासलं. "बरोबर आहे, आजी. चालते. कुणी सांगितलं हे?"

आईनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानंच. काल एका बाईला सांगत हुता, मी काउंटरमागं बसून ऐकलं. औषधाचं शिकलाय त्यो. लई हुशार हाय माजं पोरगं."

माझी छाती फुगली.

आईनं दंड पुढं केला आणि म्हणाली, "पर दुकानात असला तरच."