उरलेला उजवा कान

औषधाच्या दुकानात रांग होती. माझ्या पुढे एक म्हातारे मोटार मेकॅनिक आणि त्यांची मुलगी. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या रांगेला ऐकू येत होतं.

"टोपी झाली, पाण्याच्या बाटल्या झाल्या. आता कानातले बोळे. दोन जोड."

"एकच घे. तुझ्यापुरता."

"बाबा, डावा कान गेलाच आहे. उजवाही जाईल म्हणालेत डॉक्टर."

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचा खोकला ऐकला. आता एकदा शर्यतीच्या गाड्यांची चांगली इंजिनं ऐकायला निघालोय, तर कानात बोळे?"

"मग घरी टीव्हीवर बघा."

"तिथे आवाज कमी करणारी तूच ना?"

"बरं, गॅरेजमध्ये इंजिन कसं ऐकायचात?"

"स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. बिघाड लगेच कळायचा."

"म्हणजे हाडातून."

"हाडातूनच. पण शर्यतीत स्क्रू-ड्रायव्हर कोण आत नेऊ देईल?"

"आपली जागा कठड्याला लागून आहे. लोखंडी कठडा. गाड्या गेल्या की थरथरतो म्हणे."

म्हाताऱ्यांनी उजवा कान तिच्याकडे वळवला.

"त्यावर कोपरं टेकायची आणि हनुवटी हातांवर."

"बोळे घालून?"

"बोळे घालून. परत येताना मी हाक मारली तर वळून बघायला नको का?"

"पुढे या. काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

मुलीने तोंड उघडलं, पण म्हाताऱ्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"कानातले बोळे, दोन जोड. आणि हिला घशाच्या गोळ्या द्या. सकाळपासून ओरडतेय बिचारी."