उतरवलेलं नाव

—उठतेस कुठं? बस खाली. नंबर सोडून पळणाऱ्या आया ह्या बाकावरून मी पुष्कळ बघितल्यात — येतात, लेकराचं तोंड पुसतात, दारावरची पाटी वाचतात आणि चालू लागतात. नवरा म्हणाला असेल, वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला? मग! सगळ्यांचे नवरे तेच म्हणतात. त्याला म्हणावं, दाढ दुखली की धावतोस ना, मग पोरीचं मन दुखतंय तर लाज कसली? म्हणावं, सारिंतेन आजीनं, म्बाह सारिंतेननं सांगितलंय. ओळखत नाही मला? बाजारात विचार, सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या माझ्यासारख्या अख्ख्या गावात कुणी तळत नाही.

आत माझी नात आहे, नऊ वर्षांची, हेस्तीबाईंजवळ. ही आमची तिसरी डॉक्टर हं. पहिला जोगजा शहरातला मोठा माणूस — पोर समोर बसलेली आणि हा तिच्यादेखत मलाच विचारतोय, "हिला काय होतं?" जशी काही बिघडलेली मोटरसायकलच आणलीय. उठले मी. दुसरी गोड बोलायची, पण दर खेपेला तेच, आई परदेशात राबते, तू शहाण्यासारखं वागावंस — पोर घरी येऊन ओकायची. तीही सोडली. चप्पल चावली तर बदलतेस ना? मग? अनवाणी चालायचं का? ही हेस्तीबाई पहिल्या दिवशी फरशीवर बसली, पोर रेघा ओढत होती तर आपणही शेजारी रेघा ओढत बसली. आणि जाताना मला विचारते, "म्बाह, तुम्हाला झोप लागते का?" मला! तेव्हाच म्हटलं, हिला कळतं.

तिनं शिकवलं ते सांगते, फुकट घे. "का केलंस" विचारायचं नाही — पोर भिंत होते. कढई उतरली की थोडा वेळ ती म्हणेल तो खेळ, ती म्हणेल तसा, मध्ये फोन नाही, शेजारीण नाही. रडली तर "गप" नाही म्हणायचं. म्हणायचं, भ्यालीस होय, मी आहे इथंच. मला जड गेलं. माझ्या लेकीला मी असं कधी — ते जाऊ दे.

झालं काय? काही नाही. गेल्या वर्षी ताप आला होता. माझी लेक लास्मी हाँगकाँगला कामाला गेली, त्याआधी पोरीला नाव ठेवून गेली राजवाड्यातलं, लांबलचक. मी तेव्हाच म्हटलं, एवढीशी पोर, असलं जड नाव पेलायचं नाही तिला, आजारी पडेल. झालं तसंच. दवाखान्यातून घरी आणली की पुन्हा ताप, पुन्हा ताप. मग मी नाव उतरवलं. तुझ्याही घरी केलंच असतं ना? नाव ठेवायची लाल-पांढरी लापशी शिजवली, शेजारी बोलावले, चारचौघांत सांगितलं, ती पोर गेली, आता ही वागियेम. बाजाराच्या पाच वारांतल्या वागे वारी जन्मलेली म्हणून वागियेम, साधं, हलकं. आणि उतरला ताप! मग चुकलं कुठं माझं? सांग ना. चुकलं नाहीच.

फक्त — पोरीनं ते "गेली" तेवढं धरून ठेवलं. ताटातला अर्धा भात बाजूला काढते. कुणासाठी गं? "तिच्यासाठी." आई फोनवर जुन्या नावानं हाक मारते तर ही मागे वळून बघते, कोण आलंय. आणि परवा, भर दुपारी, शाळेतून आलीच नाही. सापडली कबरस्तानात, चाफ्याखाली, एकेका दगडावरचं नाव वाचत. मला म्हणते, "म्बाह, तिला कुठं पुरलंत? मी तिथंच झोपते, म्हणजे ती एकटी नाही राहणार."

तेव्हापासून शाळा सुटायच्या आधीच मी फाटकात जाऊन उभी असते.

आता हेस्तीबाई म्हणते, आज दार उघडलं की तुम्हीच तिला जुन्या नावानं हाक मारा, चारचौघांत, कारण चारचौघांतच उतरवलंत. सोपं आहे होय? ते नाव मी त्या दिवसापासून तोंडात घेतलेलं नाही. घेतलं आणि ताप परत आला तर? नाही घेतलं आणि ती पुन्हा चाफ्याखाली जाऊन बसली तर? मी नवऱ्याला भ्याले नाही, बाजारातल्या गुंडांना भ्याले नाही, आणि ह्या पाच अक्षरांना — हसू नकोस. नाही हसलीस? बरं.

कडी वाजली. ए, हात दे तुझा. दे गं, घट्ट धर. ती बघ, उंबऱ्यात उभी आहे, जमिनीकडे बघतेय. मी डोळे मिटते, मला नाही बघवत.

रत्नानिंग्रुम! ए रत्नानिंग्रुम, ये गं बाळा, घरी जाऊ!

...बघितलं का तिनं? वर बघितलं? बोल की, तोंड शिवलंय का तुझं? तू हात का सोडलास — थांब. हा हात तुझा नाही. इवलासा आहे. गार आहे... गार आहे गं. ताप नाही.

जा तू. नंबर लागला तुझा. जा म्हणते ना, आमच्याकडे काय बघतेस?