आत न राहणारं बटण
—नाही हो दादा, आवाज कमी नका करू, ओरडूनच बोलू आपण. तर दुखणं एवढंच, हे स्पीकरचं बटण. दाबलं की आत बसतं, गाणं वाजतं, आणि मध्येच, कुणी हात लावलेला नसताना, टक्‌ करून बाहेर — की सगळं गप्प. काल मी न्हाणीघरात, अंगाला साबण, तशीच धावत आले! हसताय काय? आता या ॲम्प्लिफायरला माझ्याशिवाय हात लावणारं आहे कोण? वन्संचा हा — आमच्या ह्यांची थोरली बहीण. घरही त्यांचंच. लग्न केलं नाही, सगळी माया ह्या डब्यावर. रोज मऊ फडक्यानं पुसायच्या, मला जवळसुद्धा फिरकू द्यायच्या नाहीत. आता? आता मैत्रिणीकडं गेल्यात, लांब, हवापालटाला. शेजारच्या काकूंनाही मी तेच सांगितलंय — म्हणजे तेच खरं आहे.

पिन काढायची? काढायलाच हवी का? बरं, थांबा, आधी मिक्सर लावून येते... हं, काढा आता. रिकामा फिरतोय? फिरू द्या हो, मला घर गप्प असलेलं सोसत नाही. बाई गं, केवढी धूळ! पट्ट्या काळ्या पडल्यात म्हणता, आणि खटकाही झिजलाय — मारा तुमचा स्प्रे. पण हे आत-बाहेर आत-बाहेर किती वेळ? मळ सुटायला वेळ लागतो? लागू दे, पण हात जरा भरभर चालवा दादा, मिक्सरला वास यायला लागलाय — गेला. जळला मेला.

तो आवाज? उंदीर. ह्या घरात फार उंदीर. नाही, एवढे मोठे नसतात, पण दार जुनं आहे ना, नख लागलं तरी दणकल्यासारखं वाटतं. सकाळी खायला दिलं की दुपारपर्यंत शांत असतात — उंदरांना म्हणतेय मी, औषध घालून देतो ना आपण, तसं. तुमचं चालू द्या. स्पीकरची वायर त्या दाराखालून गेलीय, हो, दोन्ही स्पीकर आतच आहेत. तिकडं जाऊन बघायची काही गरज नाही, स्पीकर ठणठणीत आहेत.

असं करा, ते बटण नकोच. त्या दोन पट्ट्या सोल्डर मारून कायमच्या जोडून टाका. मग बंद कसं करणार? मला बंद करायचंच नाहीये! काकू परवा दारात येऊन विचारत होत्या, हाका कोण मारतं म्हणून. मी म्हटलं गाण्यातलीच बाई आहे. आणि खरं सांगू का, माणसानं इतकं हट्टी असू नये. धाकटा भाऊ घर मागतोय, परका का आहे तो? एक सही करायची, चहा प्यायचा, आपल्या पलंगावर जाऊन झोपायचं. हे म्हणतात, गाण्यांचं एवढं वेड आहे ना, ऐकू दे पोटभर, थकली की करेल. म्हणजे — करतील, मैत्रिणीकडून आल्या की.

हात का थांबला तुमचा? सोल्डर तापलंय ना? मग लावा की. माझ्याकडं काय बघताय, तिकडं काय बघताय — कडी बाहेरून आहे कारण दार वाऱ्यानं आपटतं. खिडकी नसली म्हणून काय झालं, वारा येतो! दादा, उठू नका. ठेवून द्या तसंच, नको मला दुरुस्ती, मी दुसरा माणूस बघते, तुम्ही निघा. दार इकडं आहे, इकडं. अहो, कडीला हात लावू नका, हे आत्ता येतील, त्यांना नाही चालत — अहो, ऐका माझं, अहो —

...वन्सं! उठलात का? बघा ना, तुमचंच बटण दुरुस्त करून घेत होते.