बुविंदेला आमंत्रण

नाही, पण मी म्हणतो, नदीला हाक मारायचीच कशाला? शेजाऱ्याला मारा, कुत्र्याला मारा... नदीला? पण आमचा उल्हास! तिकडे परदेशात ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर, नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढली, मग ड्रॉहेड्याला नदीकाठी घर घेतलं, होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं, आणि प्रमोदिनीकाकू, त्याच्या आई, पुण्याहून आल्या त्या हेच म्हणत, "वास्तुशांत झाल्याशिवाय या घरात पाण्याचा थेंब घेणार नाही!"

मग काय, तुम्हाला सांगतो, पुरुषोत्तम गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. संकल्प सुरू. "गोदावर्याः दक्षिणे तीरे..." म्हणता म्हणता थबकले. "तुमची नदी कुठली?"

"बॉइन."

"छे छे! जुनं नाव काढा!"

उल्हासने लेकीचं, तन्वीचं, लॅटिनचं पुस्तक उघडलं. नदी बुविंदा, गाव पोंटाना! गुरुजी काय खूश... "वा वा! 'माला'सारखी चालते!" तन्वी कुरकुरली, "डॅड, लॅटिनमध्ये रिव्हर्स आर बॉइज. यू'ल ओन्ली अनॉय हिम." काकू म्हणाल्या, "गप गं, कार्यात अपशकुन नको!" आणि कलशापुढे हात जोडून सगळे तीनदा, "हे बुविंदे, आगच्छ!" अहो, नदीला हाक मारू नये हो... ऐकते ती.

दुसऱ्या दिवसापासून जो पाऊस लागला! नदी काळीभोर, तुडुंब. शेजारचा म्हातारा म्हणतो, "आह, शी'ज ग्रँड! चाळीस वर्षांत इथवर आली नाही." त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, यंदा आमंत्रण गेलंय ते!

बुधवारी कठड्याशी. गुरुवारी बागेत. उल्हास खिडकीत उभा... "आई, ही पत्ता शोधत आल्यासारखी येतेय गं." शुक्रवारी दुपारी उंबरठा ओलांडला, आणि सोफा नाही, कपाट नाही, सरळ देवघरात! कलश मांडला होता त्या जागेपर्यंत आली, आणि थांबली. थांबली हो! माझ्या तर अंगावर काटा आला ऐकून.

उल्हास गुडघाभर पाण्यात, फोन कानाला, रडायच्या बेतात. "गुरुजी, घर गेलं हो माझं! परत पाठवा हिला!"

"अहो, त्याच दिवशी अक्षता टाकून निरोप दिलाय की. जाईल."

आणि शनिवारी गेली! उल्हास चिखल उपसत होता, जरा कुठे जीव भांड्यात पडला होता, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "उल्हास, निरोप देताना गुरुजी शेवटी काय म्हणाले रे?"

उल्हासच्या हातातला खराटा थांबला.

"पुनरागमनाय च."

"मीनिंग?" तन्वीने विचारलं.

"म्हणजे... परत या."

म्हणून म्हणतो, नदीला हाक मारू नये. आता सोफा वरच्या मजल्यावर नेलाय. खाली देवघरात काकूंनी नुसता एक पाट मांडून ठेवलाय... येणारच आहे, तर बसायला तरी!