पाचवा हात

ड्वेन : हो म्हण नाहीतर नाही म्हण. पण काय ते आत जायच्या आधी म्हण.

व्हर्ना : आतच म्हणेन. हात वर करून, सगळ्यांसमोर.

(हायस्कूलच्या जिमबाहेर, गाड्या लावायच्या आवारात. आत शाळा-बोर्डाच्या सभेसाठी खुर्च्या मांडल्या जाताहेत.)

ड्वेन : अध्यक्ष म्हणून नाही विचारत, भाऊ म्हणून विचारतोय. दोन मतं कोच हॅलोरनला, दोन त्या बाहेरच्या बाईला. पाचवं तुझं. गावातल्या सगळ्या शाळांचा नवा प्रमुख, सुपरिंटेंडेंट कोण, ते तुझ्यावर अडलंय.

व्हर्ना : त्या बाईंना नाव आहे. मिसेस इबारा.

ड्वेन : असेल! हॅलोरन आपला माणूस आहे. तुझ्या बोर्डाच्या निवडणुकीत गावभर पाट्या कोणी ठोकल्या? त्याच्या टीमच्या पोरांनी. माझ्या पिकअपमधून.

व्हर्ना : आणि पाट्यांवर काय होतं? ‘प्रत्येक मुलाला वाचता आलं पाहिजे.’ रंगसुद्धा तूच निवडलास, दादा.

ड्वेन : अगं, पाटीवर असंच काहीतरी लिहितात.

ग्रेटा : (शेजारच्या गाडीतून) ए ड्वेन! दोघंच आहात ना? मग मी गाडीतच बसते बाई. बोर्डाची तीन माणसं एकत्र उभी राहिली की कायद्यानं सभा होते. मागे जत्रेत आपण तिघं एका केकभोवती काय उभे राहिलो, पेपरात बातमी आली!

ड्वेन : बसा काकू, काच वर करून बसा. झालंच आमचं.

ग्रेटा : तुझा चेहरा बघून तसं वाटत नाही. बसते.

ड्वेन : ऐक. मुलाखतीत ती बाई काय म्हणाली? आल्या आल्या हायस्कूलचे निकाल स्वतः तपासणार. ज्याला वाचता येत नाही, तो आधी वाचायला बसणार, मैदानात नंतर. पहिला कोण सापडेल? बोल ना.

व्हर्ना : कोल्बी.

ड्वेन : तुझा पोटचा पोरगा! शेवटचं वर्ष. याच मोसमात कॉलेजवाले खेळावर प्रवेश द्यायला त्याचा खेळ बघायला यायचेत. हॅलोरन कोचही होता आणि मुख्याध्यापकही, म्हणून पोरगा इथवर पोचला.

व्हर्ना : पोचला नाही. न वाचता वरच्या वर्गात ढकलला गेला.

ड्वेन : ढकलला तर ढकलला! पुढेच गेला ना? आणि आता आईनंच त्याच्या पायात पाय घालायचा?

व्हर्ना : माझ्याशी बोलणं टाकेल तो. कदाचित कायमचं. मला काय भीती वाटत नाही? पण निवडणुकीला उभी राहिले ती त्याच्यासाठीच. गावाला सांगितलं नाही, एवढंच. माझा हात इबाराबाईंसाठी वर जाणार.

ड्वेन : त्याचा मामा आहे मी. बाप सोडून गेल्यापासून मी बघितलंय त्याला.

व्हर्ना : बघितलंस. दर शनिवारी रोझेलच्या हॉटेलात जेवायला नेतोस.

ड्वेन : नेतोच. त्याचं काय आता?

व्हर्ना : तो काय मागवतो?

ड्वेन : मी मागवतो तेच. कांदा-कलेजी. ‘मामाला देताय तेच मला.’ रोझेल हसते, म्हणते, भाचा कसला, तुझाच मुलगा शोभतो.

व्हर्ना : मेनूकार्ड उघडतो?

ड्वेन : उघडतो की. चांगलं निरखून बघतो. आणि मग...

व्हर्ना : मग?

ड्वेन : मग थांबतो. मी सांगेपर्यंत.

व्हर्ना : हं.

ड्वेन : काहीतरीच तुझं. तोंडानं बर्गर मागायला काय जातं?

व्हर्ना : एकदा तू नसताना मागितला होता. कोणता हवा म्हणून रोझेलनं कार्ड पुढे केलं. शेजारच्या टेबलावर टीमची सगळी पोरं. भूक नाही म्हणून उठून आला. त्या दिवशी मला सांगितलं त्यानं. मोटारीत, मान खाली घालून.

ग्रेटा : अरे, लोक खोळंबलेत आत! मी निघते पुढे. तुम्ही मागून या, आणि माझ्यापासून लांब बसा.

ड्वेन : मला वाटायचं, पोराला माझा लळा आहे.

व्हर्ना : आहेच. खोटा नाही तो.

ड्वेन : मग निदान मला तरी सांगायचं.

व्हर्ना : तुलाच तर सांगवत नव्हतं. चल, अध्यक्षांशिवाय सभा सुरू होत नाही.

ड्वेन : थांब जरा. व्हर्ना... कलेजी तरी आवडते ना त्याला?

व्हर्ना : घरी मी कधीच करत नाही, दादा. वासानंच मळमळतं त्याला.